लिंबूची सोयरीक

दिनानाथ मोकलांच्या पेणच्या घरात सध्या दोन जीव अस्वस्थ होते. एक पाच फुटांच्या काचेच्या टाकीत दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायचा. दुसरा त्याच्याकडे बघत हॉलच्या खिडकीपासून दारापर्यंत. पहिला मासा होता आणि दुसरे स्वतः मोकल. फरक एवढाच, की माशाला कुणी ‘जरा एका जागी बसा’ असं म्हणत नव्हतं.

मासा पिवळाधमक, तळहाताएवढा आणि ताटलीसारखा चपटा. दुकानदार या जातीला टँग म्हणतात. मोकलांच्या एकुलत्या एका लेकीनं, सुरभीनं, पहिल्या पगारातून तो आणला आणि नाव ठेवलं लिंबू. लिंबू समुद्राच्या पाण्यातला, पण मासा असून शाकाहारी. काचेला चिमट्यानं अडकवलेला वाळल्या शेवाळाचा कागद कुरतडायचा आणि तृप्त व्हायचा. मोकलांच्या घरात मासळी न खाणारा जीव पिढ्यान्‌पिढ्यांत पहिल्यांदाच राहायला आला होता आणि तो मासा निघाला, यावर देवाची लीला म्हणून गप्प बसण्यापलीकडे कुणी काही करू शकत नव्हतं.

आता मोकलांना येरझारा घालायला काय झालं होतं, तर त्याला दोन कारणं. डोलवीच्या कंपनीत एकतीस वर्षं त्यांनी स्टोअर सांभाळलं. त्यांच्या सहीशिवाय एक नट त्या गोदामातून हलला नाही. तीन महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी स्टोअर त्यांच्याशिवाय वेळेवर उघडलं. हे त्यांच्या मनाला फार लागलं.

दुसरं कारण त्याच आठवड्यातलं. सुरभी म्हणाली, "बाबा, मला हर्षदशी लग्न करायचंय." हर्षदचं रोह्याच्या पलीकडे, अष्टमीत, शोभेच्या माशांचं दुकान होतं. लिंबू त्याच दुकानातला. म्हणजे प्रकरण या टाकीतूनच सुरू झालं होतं आणि मोकल दोन वर्षं त्यालाच खायला घालत बसले होते. मुलगा आपल्यातला नाही, हे एक. त्याच्या घरचे माळकरी, हे दुसरं. खाडीकाठची, मिठागरवाल्यांच्या घरची पोर, जिला बोंबलाच्या वासाशिवाय सकाळ उजाडल्यासारखी वाटत नाही, ती वालाचं बिरडं खाऊन जन्म काढणार?

"आन मासे इकतो पण खात नाय," मोकल बायकोला म्हणाले, "असल्या माणसाचा भरवसा काय धरायचा?"

प्रणिताबाईंनी किसणीवर जोर दिला. त्या खोबरं किसत होत्या आणि त्यांचं उत्तर किसणीला ऐकू जात होतं.

मोकलांनी ‘हो’ म्हटलं नाही, ‘नाही’ही म्हटलं नाही. स्टोअरमध्ये नको असलेल्या मागणीचं ते तेच करत. कागद ट्रेमध्ये ठेवून देत. सुरभी वाट बघून बघून रोह्याला खोली घेऊन राहायला गेली. कंपनी रोह्याला, शिफ्ट आडवेळच्या, असं तिनं बिल्डिंगमध्ये सांगितलं. टाकी मात्र खोलीत मावेना, म्हणून लिंबू पेणलाच राहिला. रोज संध्याकाळी बरोबर आठला तिचा फोन यायचा.

"लिंबू कसा आहे?"

"बरा आहे."

"खाल्लं?"

"खाल्लं."

"ठेवते."

बापलेकीत बोलायला आता तेवढा एक मासा उरला होता. तो मेला तर आठ वाजता फोन कशाला वाजेल, हा विचार मनात आला की मोकलांना बसवत नसे. मग ते उठत, टाकीत बोट बुडवत आणि जिभेला लावत. पाण्याचा खारटपणा मोजायला सुरभीनं एक नळी ठेवली होती, पण मोकलांनी ती कपाटातून बाहेर काढली नव्हती. ज्यांच्या आज्यानं मिठागरात जिभेवर पाणी घेऊन मीठ कधी धरेल ते सांगितलं, त्यांनी नळीत डोळा घालून बघायचं म्हणजे फारच झालं.

तर या लिंबूनं श्रावण तोंडावर आला असताना खाणं कमी केलं आणि येरझारा वाढवल्या. सकाळी मासळी घेऊन येणाऱ्या वनितानं टोपली दारात टेकवून आत मान घातली. "दादा, उतरलाय ह्यो. आता ठेवू नका. आज कालवनात टाका, उद्या तेवढ्यालापन नाय पुरनार."

तिला मोकलांनी घालवून दिलं. पण शेजारी म्हणून दत्ता होता आणि दत्ताला घालवता येत नव्हतं. दत्ताचा गणपतीचा कारखाना होता. वर्षाला हजारभर मूर्तींचे डोळे तो स्वतःच्या हातानं उघडायचा, त्यामुळे कुणाच्याही डोळ्यांकडे बघून त्याला मनातलं कळतं अशी त्याची स्वतःची समजूत होती. त्यानं काचेला नाक लावून लिंबूच्या डोळ्यांत पाहिलं.

"दिनाभाऊ, ह्यो एकला हाय. ह्याची सोयरीक जमवा."

मोकलांना ते एकदम पटलं. संध्याकाळी फोनवर त्यांनी नेहमीच्या पाच वाक्यांत सहावं घातलं. "त्याला जोडीदार आणावा म्हणतो."

"आणा, पण दुसऱ्या जातीचा आणा बाबा," सुरभी म्हणाली. "वेगळा आकार, वेगळा रंग. अगदी त्याच्यासारखाच दिसणारा आणलात तर तो त्याला मारेल. टँगचं तसंच असतं."

मोकलांनी फोन ठेवला आणि त्यांचा चेहरा लाल झाला. हा सरळसरळ टोमणा होता! माशाच्या आडून बापाला शिकवायला निघाली पोर! आपल्यातला नको म्हणे, दुसऱ्या जातीचा आणा म्हणे! त्या रात्री त्यांनी ठरवलं, की सोयरीक कशी करतात ते दाखवूनच देऊ.

दुसऱ्याच दिवशी ते पनवेलला गेले. तिथल्या दुकानात त्यांनी मोकलांच्या सात पिढ्यांत स्थळं जशी पाहिली गेली तशीच स्थळं पाहिली. रंग मिळता हवा. उंची-रुंदी जुळती हवी. अंगानं किंचित कमी, म्हणजे घरात नमतं घेईल. ‘निळी दाखवू का, चॉकलेटी दाखवू का’ असं दुकानदार म्हणत राहिला आणि मोकल ‘आमच्यात नाय चालत’ असं म्हणत राहिले. शेवटी लिंबूची सख्खी बहीण शोभेल अशी एक पिवळीधमक नवरी पिशवीत बसली.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं पिशवीकडे बोट दाखवलं. "हे काय?"

"मासा."

"जिवंत?"

"व्हय."

कंडक्टर विचारात पडला. मेलेली मासळी असती तर टोपलीचं तिकीट झालं असतं. कोंबडी असती तर तिचाही प्रश्न त्यानं सोडवला होता. पण जिवंत मासा म्हणजे सामान की प्रवासी? त्यात पाणी म्हणजे द्रवपदार्थ. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, शिटावर ठेवला तर पूर्ण तिकीट, मांडीवर घेतला तर लेकरू. यावर अर्धी गाडी एका बाजूला आणि अर्धी दुसऱ्या बाजूला झाली. एकतीस वर्षं लोकांना नियमावर बोट ठेवून परत पाठवणारे मोकल, पेण येईपर्यंत दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरून उभे राहिले, कारण उभ्या माणसाच्या हातातल्या वस्तूबद्दल नियमात काहीच नव्हतं.

घरी प्रणिताबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. आतून त्यांना हा उद्योग पसंत नव्हता, पण आल्या जिवाचं करायला नको का? दत्ता नवा शर्ट घालून आला होता. मोकलांनी पिशवी उघडली आणि नवरी टाकीत सोडली.

लिंबू थांबला. महिन्याभरात पहिल्यांदाच थांबला. "बघा, भुलला!" दत्ता म्हणाला.

पुढच्या क्षणी लिंबू तिरका झाला, शेपटी वळवली आणि नवरीच्या अंगावर असा आला, की तिघेही मागे सरले. या जातीच्या शेपटीच्या मुळाशी वस्तऱ्यासारखा काटा असतो. तो कशासाठी असतो हे मोकलांना तेव्हा कळलं. नवरी पंपामागं दडली. लिंबू तिला तिथून काढायचा, टाकीभर पळवायचा आणि परत पंपामागं कोंबायचा. पाच मिनिटांत तिच्या पंखाच्या चिंध्या झाल्या.

"लाजतायत," दत्ता म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

"अहो, मरेल ती!" प्रणिताबाई ओरडल्या. "काहीतरी मध्ये धरा!"

मध्ये धरायचं म्हटल्यावर लग्नात जे धरतात तेच दत्ताला सुचलं. तो धावत गेला आणि कारखान्यातून जाड प्लॅस्टिकचा पत्रा कापून घेऊन आला. टाकीच्या मधोमध अंतरपाट उभा राहिला. अलीकडे लिंबू, पलीकडे नवरी. आठ वाजता फोन आला. "लिंबू कसा आहे?" मोकल म्हणाले, "बरा आहे." खोटं नव्हतं. लिंबूची तब्येत इतकी छान कधीच नव्हती.

सकाळी बघतात तर नवरी पाण्यावर तोंड काढून धापा टाकतेय. पंप, फिल्टर, सगळं लिंबूच्या बाजूला, आणि पलीकडचं पाणी डबक्यासारखं निपचित. अंतरपाट काढावा तर खून, ठेवावा तर गुदमरून मरण. मोकलांनी हॉलमध्ये चाळीस फेऱ्या मारल्या. मग दत्ताच म्हणाला, "तिला लपायला जागा पायजे. मी डोंगर करतो."

आणि दत्तानं डोंगर केला. गणपतीच्या मागं आरास म्हणून करतात तसा, दुपारपर्यंत, प्लॅस्टर ओतून. चार गुहा, एक धबधबा, माथ्यावर बर्फ, आणि हौस म्हणून थोडी चमकी. बिल्डिंगमधली माणसं बघायला आली. डोंगर टाकीत बसवला, अंतरपाट काढला, नवरी गुहेत शिरली आणि लिंबू बाहेर पहारा द्यायला लागला. मोकलांनी दत्ताला मिठी मारली. पेणमध्ये जन्मलेल्या माणसाला प्लॅस्टरचं पाण्यात काय होतं हे सांगावं लागू नये. दरवर्षी विसर्जनाला सगळं गाव तेच बघायला तळ्यावर जमतं. पण आनंदाच्या भरात दोघांनाही ते आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत दूध भरल्यासारखं दिसत होतं. डोंगराचा बर्फ वितळला होता, धबधबा सुटला होता आणि त्या पांढऱ्या पाण्यात चमकी चकाकत होती. वर दोन पिवळी तोंडं उघडमीट करत होती. शेजारी शेजारी. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

मोकलांनी कपाट धुंडाळलं. पाणी बदलायला हवं. समुद्राच्या पाण्यासाठी मिळतं ते खास मीठ संपलं होतं आणि असतं तरी ते विरघळून मुरायला एक दिवस लागतो. "मिठागरातनं गोणी आणतो," ते म्हणाले आणि चपला घालायला लागले.

"थांबा," प्रणिताबाई म्हणाल्या. "पोरीनं किती वेळा सांगितलंय, ते मीठ ह्याला चालत नाही म्हणून. तयार पाणी कुणाकडे असतं ते तुम्हाला ठाऊक आहे."

"नाय."

"अष्टमीला जा."

"नाय म्हणजे नाय!"

"मग संध्याकाळी आठला तिला काय सांगायचं ते ठरवून ठेवा," असं म्हणून त्या आत गेल्या.

मोकल टाकीसमोर उभे राहिले. लिंबूनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, निदान त्यांना तसं वाटलं. मग त्यांनी दोन बादल्या काढल्या.

दत्ताचा टेम्पो त्याच दुपारी रोह्याला गणपती पोचवायला निघाला होता. पुढं ड्रायव्हर, दत्ता आणि एक अवघड मोठी मूर्ती. त्यामुळे मोकल मागं, पेंढ्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पंचवीस गणपतींच्या मधोमध, पायांमध्ये दोन बादल्या आणि दोन्हींत सुरभीनं ठेवलेले सेलवरचे हवेचे पंप गुरगुरतायत. डोलवीजवळ टेम्पो अडकला तो नेमका कंपनीच्या गेटासमोर आणि नेमका शिफ्ट सुटताना. स्टोअरमधली चार पोरं समोर आली. त्यांनी आधी गणपतीला हात जोडले, मग गणपतींमधल्या मोकलांना.

"साहेब, तुमी? बादलीत काय हाय?"

"प्रसाद," मोकल म्हणाले आणि बादलीवर टॉवेल टाकला.

अष्टमीला पोचेस्तोवर संध्याकाळ झाली आणि दत्ता मोकलांना उतरवून गणपती पोचवायला गेला. दुकान लहान, पण आत शिरल्यावर थंड आणि निळं निळं. मोकलांनी वाटेत एक वाक्य घोटून ठेवलं होतं. ते त्यांनी काउंटरवर ठेवून दिलं. "मी पेणच्या एका मित्राकडनं आलोय. मासे त्याचे. तो जरा हट्टी माणूस हाय."

हर्षद सावळा, किडकिडीत आणि कमी बोलणारा. त्यानं टॉवेल उचलला, पांढरं पाणी बघितलं आणि बाकी काही न विचारता वाकला. जाळी त्यानं घेतली नाही. काटा अडकतो म्हणून प्लॅस्टिकच्या भांड्यानं अलगद मासा उचलला. भांडं उजेडाला धरून हळूच म्हणाला, "काय रे लिंबू, काय केलंस हे?"

मोकलांचे कान तापले. मासा ज्यानं विकला तो मासा ओळखणार, हे गणित घोटलेल्या वाक्यात धरलंच नव्हतं. पण हर्षद त्यांच्याकडे न बघता, एक मासा एका टाकीत आणि दुसरा दुसऱ्या टाकीत सोडत, अदबीनं म्हणाला, "तुमच्या मित्राला सांगा, चूक त्यांची नाही. सगळ्यांना वाटतं सारख्याला सारखा आणला की जमेल. यांच्यात उलटं असतं. सारखा दिसला की वाटतं, हा आपलीच जागा घ्यायला आलाय, आपलंच खाणार. वेगळ्याशी भांडण नसतं."

"आन नवा आला की जुन्यानं काय करायचं?" मोकलांनी विचारलं. मित्रासाठीच.

"टाकीतले दगड हलवायचे. म्हणजे जुन्यालाही सगळं नवीन वाटतं. मग तो जागा सोडतो थोडी."

त्यानं पिंपातलं तयार पाणी टाकीत सोडायला घेतलं, नळीतून मोजलं आणि म्हणाला, "बरोबर आहे."

मोकलांनी सवयीनं बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. "कमी हाय."

हर्षद थांबला. त्यानं नळीची काच शर्टाला पुसली आणि पुन्हा थेंब टाकून बघितलं. मग मोकलांकडे असा बघत राहिला, की निवृत्तीनंतर त्यांच्याकडे कुणी तसं बघितलं नव्हतं. "कमीच आहे. काचेला आधीचं खारट पाणी राहिलं होतं. तुम्ही... कसं ओळखलंत?"

"मिठागरातली जीभ हाय," मोकल म्हणाले आणि लगेच ‘माझ्या मित्राचीपन’ असं जोडलं, पण ते त्यांनाच कसंतरी वाटलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत गळ्यात तुळशीची माळ घातलेले एक म्हातारे गृहस्थ इतका वेळ माशांकडे बघत बसले होते. हर्षदचे वडील, हैबतराव. ते उठले. "पाव्हनं, लांबनं आलाव. माशांना टाइम लागंल. चला, मागं घर हाय, च्या घेऊ."

दुकानामागंच घर, पुढं पडवी. चहा आला. हैबतराव बोलायला मोकळे.

"ह्या पिवळ्यावर आमचं लई लक्ष. मासा हाय, पन पाला खातो. आमचाच म्हना ना." ते हसले. "पोराचं जमलंय हो एका पोरीशी. खाडीकाठची हाय. गुनाची पोर. पन तिचा बाप व्हय म्हनत नाय आन नायबी म्हनत नाय. पोर रोज त्याला फोन लावती आन माशाचं इचारती. दुसरं कायबी इचारायला भेती, बाप काय बोलंल म्हनून. मंग फोन ठिवून रडती."

मोकलांचा चहा हातातच राहिला.

"ते काय हाय तिथं?" त्यांनी कसाबसा विषय बदलला. पडवीच्या टोकाला नवीकोरी मातीची चूल होती, अजून न पेटवलेली. वर पत्र्याचं छप्पर, बाजूला पाटा-वरवंटा, भिंतीला एक नवा कोयता.

हैबतराव जरा ओशाळले. "मीच बांदली. आमच्या घरात मासळी शिजत नाय. पन त्या पोरीला लागती म्हनं, पहिल्यापासनं खाती. लगीन करून आनायची आन तिचं तोंड बांदायचं, ह्ये बरं नाय. म्हनलं, तिची येगळी चूल असू दे. वासच लई आला तर मी देवळात जाऊन बसंन. काय?"

मोकलांनी कपबशी खाली ठेवली. ते उठले आणि चुलीपाशी गेले, तिच्याभोवती एक चक्कर मारली, वाकून आत बघितलं, बोट ओलं करून वारा बघितला. तीन महिने त्यांनी घरात मारलेल्या फेऱ्यांत इतक्या कामाची एकही नव्हती.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आठ वाजले होते. सुरभीची सेकंड शिफ्टची जेवणाची सुट्टी.

"बाबा, लिंबू कसा आहे?"

"बरा आहे," मोकल म्हणाले. मग घसा साफ केला. "अष्टमीत आहे. मीपन अष्टमीतच आहे."

पलीकडे डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

"सुरभी, ऐक. ती चूल चुकीची बांधलीय. तोंड वाऱ्याकडं केलंय. बोंबील भाजलेस तर सगळा धूर घरात जाईल. म्हाताऱ्या माणसाला रोज देवळात जाऊन बसायला लागेल. मी इथंच आहे, व्याह्यांना सांगून आजच फिरवून घेतो."

हैबतरावांच्या हातातली बशी कलंडली. दुकानाच्या मागच्या दारात हर्षद ओलं भांडं घेऊन उभा होता, तो तसाच उभा राहिला.

फोनमध्ये सुरभीनं नाक ओढलं आणि ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवलात का?"

घर सोडल्यापासून माशाशिवाय विचारलेला हा तिचा पहिलाच प्रश्न. मोकलांनी हैबतरावांकडे बघितलं. ‘बिरडं हाय वालाचं,’ हैबतराव हळूच म्हणाले.

"नाय अजून," मोकल फोनमध्ये म्हणाले. "इथं वालाचं बिरडं हाय म्हणतात. बसतो आता."

आणि ते खरंच बसले.